न झालेल्या धड्यांची कारणं

रविवारी शाळा बंद असते, म्हणून बैठक शाळेत ठरली. घरी बसायला जागा बरी होती, पण घरी शेजारही होता. आणि धाकटी सून गुरुवारपासून परतलेली नाही ही गोष्ट शेजारापर्यंत जाऊ नये, यासाठीच तर बैठक होती.

शाळा गाडी शिकवायची. खाली तीन गाड्या उभ्या राहतील एवढं गॅरेज, वर एक वर्ग. वर्गातल्या खुर्च्यांना लिहिण्यासाठी उजव्या बाजूला फळी होती. ती खाली पाडून माणूस एकदा बसला, की त्याला रागाने ताडकन उठता येत नसे. आधी फळी उचलावी लागे, आणि फळी उचलेपर्यंत निम्मा राग जिरे. दारजींनी, म्हणजे आत्याच्या वडिलांनी, त्या खुर्च्या मुद्दाम निवडल्या होत्या की स्वस्त मिळाल्या म्हणून घेतल्या होत्या, हे सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं.

आत्या सगळ्यांत शेवटी आली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली. तिच्या पर्समध्ये वकीलबाईंनी लिहून दिलेली चिठ्ठी होती. बुधवारी कोर्टात तारीख होती. त्या दिवशी न्यायाधीशांनी आदेश दिला, तर बब्बूला बायकोच्या आसपास फिरकता येणार नव्हतं. त्यासाठी सुनेचं शिकवणीचं कार्ड दाखवायचं होतं. कार्डावर एकतीस धडे होते, प्रत्येक धड्यापुढे आत्याने लिहिलेला शेरा होता, आणि शेऱ्यापुढचा 'तपासले' हा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. वकीलबाई म्हणाल्या होत्या, "समोरचे म्हणतील, हे तुम्ही काल रात्री एका बैठकीत लिहून काढलंत. शाळेच्या प्रमुखांची सही हवी."

शाळेचा प्रमुख दादा, आत्याचा भाऊ. बब्बू दादाचा मुलगा.

हे कसं मागायचं, ते आत्याला येताना बसमध्ये सुचलं नव्हतं आणि आता खुर्चीतही सुचत नव्हतं.

"आलात का वन्सं," वहिनी म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, नोंद केली होती.

दादा टेबलामागे बसला होता. पगडी नेहमीची, गडद निळी, घडी न् घडी जागच्या जागी. त्याच्या मागे लोखंडी फळा होता आणि फळ्याला चुंबकाच्या छोट्या गाड्या चिकटलेल्या होत्या, चौकात कोणी आधी जायचं ते शिकवण्यासाठी. घरातलं कुठलंही भांडण दादा त्याच गाड्यांनी समजावून सांगे. वहिनीची आणि आत्याची एकदा भिंतीच्या रंगावरून जुंपली होती, तेव्हा दोघींना त्याने एकेक गाडी करून दाखवलं होतं की चूक दोघींची आहे.

वहिनीचा भाऊ, सेक्रेटरी मामा, पहिल्या रांगेत होता. गुरुद्वाऱ्याच्या कमिटीत तो बावीस वर्षं सेक्रेटरी होता, आणि त्या बावीस वर्षांत त्याने अनेक संसार वाचवले होते. ते संसार बायकांनी कसे निभावले, हे त्याने विचारलं नव्हतं. त्याच्या बाजूला बब्बू. चौतीस वर्षांचा, दाराला डोकं लागेल एवढा उंच. पण घरात अजून बब्बूच.

"तर," मामा म्हणाला, "आपलेच दात, आपलेच ओठ. घरातलं घरात मिटलं पाहिजे. पोरगी कुठे आहे तेवढं सांगा. मी आणि जिजाजी जातो, समजूत काढतो, संध्याकाळच्या आत घेऊन येतो."

"नाही सांगणार," आत्या म्हणाली.

"म्हणजे माहीत आहे!" मामाने वहिनीकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"माहीत आहे. सांगणार नाही."

मामाने हे कमिटीत फारसं ऐकलं नसावं. तो फळीवर बोटं वाजवत राहिला.

"आत्या, ती माझी बायको आहे," बब्बू शांतपणे म्हणाला. तो चारचौघांत नेहमी शांतच बोले. "तिला इथलं काही कळत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून एकटी बाजारात गेलेली नाही. कुणीतरी तिचे कान भरलेत."

"तू तिला एकटं बाजारात का जाऊ दिलं नाहीस?"

"काळजीपोटी."

दादाने फळ्यावरची एक गाडी सरळ केली. ती आधीच सरळ होती.

सुनेचे कान कोणी भरले, हा बैठकीचा खरा विषय होता, आणि उत्तर सगळ्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं. आत्या या शाळेतली सगळ्यांत वाईट मास्तरीण होती. हे मत दादाचं होतं आणि त्याला आकड्यांचा आधार होता. तिच्याकडे फक्त बायका शिकायला येत, बहुतेक पंजाबी, गुरुद्वाऱ्यात चपला ठेवतात त्या खोलीतल्या फळ्यावरची सूचना वाचून. त्या परीक्षेला बसत नसत. बसल्या तरी वर्षादोन वर्षांनी. आणि तरी शिकवणी सोडत नसत. एक बाई तर चौदा महिने येत होती आणि गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे गेली नव्हती. दादाला वाटे, बहिणीला समजावून सांगण्याची हातोटी नाही.

हातोटी निराळी होती. नवऱ्याला, सासूला, दिराला संशय न येऊ देता पंजाबी बाईला तासभर घराबाहेर काढायचं तर कारण लागतं, आणि गाडी शिकणं हे कारण सगळ्यांना पटे. उद्या मुलांना शाळेत सोडेल, सासूला डॉक्टरकडे नेईल. गाडीत दोघीच. दोघींनाही पुढे पाहावं लागतं, त्यामुळे कुणाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. आत्या पहिले पाच-सहा धडे काही विचारत नसे. मग एखाद्या लाल दिव्याला विचारे, "घरी ठीक आहे ना?" लाल दिव्यालाच विचारायचं, हा तिचा नियम. उत्तर द्यायचं नसेल, तर दिवा हिरवा होतोच.

ज्यांना उत्तर द्यायचं असे, त्यांना ती बायकांच्या संस्थेचा नंबर देई. तिथे फोन उचलणारी पंजाबीत बोले आणि नवऱ्याचं गाव विचारत नसे. हे फार मोठं होतं. आपल्या लोकांत गाव विचारलं की दोन मिनिटांत नातं निघतं, आणि नातं निघालं की बाई फोन ठेवते. सून एकदा सरकारी नंबरवर बोलली होती. तिकडून मदतीला दुभाष्या दिला, तो बब्बूच्या मित्राचा साडू निघाला. त्या रात्री काय झालं, ते तिने आत्याला सतराव्या धड्याला सांगितलं, एका लाल दिव्याला सुरू करून पुढच्या चार दिव्यांपर्यंत.

"एकतीस धडे," मामा म्हणाला. "जिजाजी, एकतीस! माझी मुलगी बारा धड्यांत पास झाली. एकतीस तास ही त्या पोरीला गाडीत बसवून करत काय होती? कार्ड काढा. कार्ड लिहिता ना तुम्ही? काढा, म्हणजे हातच्या कांकणाला आरसा नको."

आत्याचे हात फळीवर होते ते तिथेच राहिले.

दादाने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, लोखंडी कपाट उघडलं आणि मधल्या खणातून सुनेचं कार्ड काढलं. रोज संध्याकाळी तिन्ही गाड्यांची कार्डं तोच कपाटात ठेवी आणि कुलूप लावी. चाळीस वर्षांत त्यात खंड नव्हता. त्याने चष्मा बदलला.

"कार्डाचा नियम दारजींचा," तो मामाला म्हणाला. शिकवायला बसलं की त्याचा आवाज उगाच मोठा होई. "ठरलेला धडा झाला नाही, तर कारण लिहायचं. 'विद्यार्थी कच्चा' हे कारण नव्हे. 'लक्ष नव्हतं' हेही कारण नव्हे. लक्ष का नव्हतं, ते लिहायचं. कारण असं पाहिजे की दुसऱ्या मास्तराने वाचलं तर त्याला पुढचा धडा घेता आला पाहिजे."

"वा," मामा म्हणाला. "वाचा."

दादा वाचू लागला. परीक्षेचा निकाल वाचावा तसा, सपाट.

"धडा पहिला. गाडीची ओळख. झाला. धडा दुसरा. झाला. तिसरा, क्लच. झाला, विद्यार्थिनी चटकन शिकते." त्याने भुवई वर केली. "चौथा. मागे वळून पाहणे. झाला नाही. कारण, मान डावीकडे वळत नाही. पाचवा. मागे वळून पाहणे. झाला नाही. कारण, मान अजून वळत नाही."

"अवघडली असेल," मामा म्हणाला. "उशी उंच घेतली की होतं तसं."

"सहावा झाला. सातवा झाला. आठवा. गिअर बदलणे. झाला नाही. कारण, डाव्या हाताची दोन बोटं सुजलेली. विद्यार्थिनी म्हणते दारात सापडली. नववा. आली नाही. घरून फोन आला की ताप आहे. दहावा. आरसे. अर्धा झाला. कारण, उजवा डोळा पूर्ण उघडत नाही, उजवा आरसा दिसत नाही."

बब्बू म्हणाला, "पप्पा, ती धांदरट आहे, सारखी पडते. आईला विचारा."

दादाने वर पाहिलं नाही. कार्ड हातात असलं की तो ओळ सोडत नसे. दारजींनी लावलेली सवय होती. अकरा, बारा, तेरा झाले. चौदाव्याला सीटचा पट्टा लावता आला नव्हता, कारण, बरगडी. सतराव्याला गाडी चार दिवे चालवून बाजूला घेतली होती. कारण, विद्यार्थिनी बोलत होती. एकोणिसाव्याला पुन्हा मान. दादाचा आवाज बदलला नाही, फक्त दोन धड्यांमधलं अंतर वाढत गेलं.

"बावीस. झाला नाही. कारण, उजव्या कानाने ऐकू येत नाही, मागच्या गाडीचा हॉर्न कळला नाही. मंगळवारी घरी कानाखाली बसल्याचं सांगते."

"मंगळवारी नाही," वहिनी म्हणाली. "सोमवारी. मंगळवारी तर ती उठलीच नव्हती."

वहिनीने आपणच काय बोललो ते ऐकलं, आणि ओढणीचं टोक फळीवर ठेवून त्याची घडी घालू लागली. आयुष्यभर ती तारखांच्या बाबतीत काटेकोर होती. घरातले वाढदिवस, श्राद्धं, हप्ते सगळे तिच्या डोक्यात. चुकीची तारीख तिच्याने ऐकवत नसे.

"तुला माहीत होतं?" दादाने विचारलं.

"खोल्यांमध्ये भिंत एकच आहे, अहो."

"मग मला कसं नाही कळलं?"

"तुम्ही बातम्या मोठ्याने लावता."

मामा खाकरला. "बघा, ताई, नवरा-बायकोत थोडंफार—"

"तू गप्प बस," वहिनी म्हणाली. बावीस वर्षांच्या सेक्रेटरीपदात त्याला हे कोणी म्हटलं नव्हतं. "तुझ्याकडेच आले होते मी. आठवतं? दोन वर्षांपूर्वी. म्हणालास, पोर झालं की निवळेल."

मामाला उठायचं होतं. त्याने फळी उचलायला घेतली, ती अडकली, आणि तो तसाच बसला.

बब्बू उठला. त्याची फळी आधीच वर होती. "झालं? सगळ्या बायका एक झाल्या? आत्या, शेवटचं विचारतो. पत्ता."

आत्याला छत्तीस वर्षांपूर्वीचं सासरचं दार आठवलं, आणि दाराबाहेर थांबलेली शाळेचीच गाडी. लग्नाच्या अकराव्या महिन्यात ती माहेरी आली होती. समजूत काढून परत सोडायला बावीस वर्षांच्या दादाला पाठवलं होतं. वाटेत तो छान बोलत होता. दुसऱ्यांदा ती आली, तेव्हा दारजींनी काही विचारलं नाही, गाडीची किल्ली हातात दिली. या दोन गोष्टींवर घरात कधी कोणी बोललेलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"मग मी जाऊन आणतो तिला," दादा एकदम म्हणाला. त्याला बहुधा काहीतरी दुरुस्त करायचं होतं, आणि दुरुस्तीचा त्याला एकच मार्ग ठाऊक होता. "मी स्वतः. मी असताना हा हात नाही लावणार. माझ्या शब्दावर—"

"दादा, तू एकदा सोडायला गेला होतास."

दादाच्या हातातलं कार्ड थोडं खाली आलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं, इथे पुढे पाहायला रस्ता नव्हता.

"वाटेत तू मला चणे घेऊन दिले होतेस," ती म्हणाली. "मी काही बोलले नाही. तू विचारलं नाहीस. आपण वेळेवर पोचलो."

दादाने चष्मा पुसला आणि पुन्हा कार्ड समोर धरलं.

"पप्पा, पुरे," बब्बू म्हणाला.

"नऊ राहिलेत." त्याने नऊही वाचले. "तीस. झाला. एकतीस. चौक, उजवे वळण, चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करणे, दोन गाड्यांमध्ये उभी करणे. सगळं बिनचूक. विद्यार्थिनीने स्वतः चालवली. घरी सोडलं नाही. कारण, विद्यार्थिनी नको म्हणाली." त्याने कार्ड खाली ठेवलं. "हे चांगलं लिहिलंय," तो आत्याला म्हणाला. "दुसऱ्या मास्तराला कळेल असं आहे."

"तपासल्याची सही नाही," आत्या म्हणाली. आपला आवाज इतका साधा कसा निघाला, याचं तिला नवल वाटलं. "बुधवारी कोर्टात द्यायचंय. सही नसेल तर म्हणतील, मी बसून रचलं."

आता सगळ्यांना कळलं की आत्या बैठकीला कशासाठी आली होती. मामालासुद्धा.

"जिजाजी, हे कोर्टात? अहो, उद्या सगळा गुरुद्वारा बोलेल! झाकली मूठ—"

"कपाटाची किल्ली कोणाकडे असते?" दादाने त्याला विचारलं.

"तुमच्याकडे."

"रोज कार्डं कोण ठेवतं?"

"तुम्ही."

"मग यातली प्रत्येक ओळ त्या त्या संध्याकाळी माझ्या हातात होती." तो हे मामाला समजावत होता खरा, पण चौकात कोणी आधी जायचं ते समजावताना असतो तसा तो वाटत नव्हता. "मी कपाटाला कुलूप लावत होतो, आणि वाचत नव्हतो."

त्याने पेनाचं टोपण काढलं. बब्बू टेबलापाशी आला. एवढा मोठा माणूस, पण त्याच्या आवाजात एकदम लहानपण आलं.

"मी तुमचा मुलगा आहे, पप्पा."

"म्हणून तर सगळं वाचलं," दादा म्हणाला. "दुसऱ्याचा असतास, तर दहाव्यालाच पोलिसांना फोन केला असता."

बब्बूचा हात टेबलावर होता. मूठ वळली होती. वहिनी, मामा, आत्या, तिघंही त्या मुठीकडे पाहत होते, आणि ती कशी वळते हे दादा बहुधा पहिल्यांदाच जवळून पाहत होता. आत्याने खुर्चीची फळी हळूच वर केली. दादाने पेन खाली ठेवलं नाही.

"मारणार आहेस?" त्याने विचारलं. "मारायचं असेल तर सही झाल्यावर मार. अक्षर बिघडतं."

मूठ काही क्षण तशीच राहिली. मग बब्बू मागे सरला आणि जिना उतरला. दोन पायऱ्या एका वेळी, तरणीताठी पावलं. खाली गॅरेजचं दार आपटलं. मामा त्याच्या मागे जावं की थांबावं या विचारात फळीशी झटत राहिला. शेवटी ती निघाली, आणि तोही निघाला.

दादाने एकतीस सह्या केल्या. एकाखाली एक 'वरीलप्रमाणे' लिहून चाललं असतं, पण त्याने तसं केलं नाही. प्रत्येकीखाली आजचीच तारीख घातली. मागची तारीख घालणं त्याच्याने होण्यासारखं नव्हतं. खाली उरलेल्या जागेत लिहिलं: 'हे कार्ड रोज माझ्या ताब्यात कुलपात होते. मी ते आज वाचले.' मग शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत कार्ड धरून बसला.

वहिनी त्या कार्डाकडे पाहत होती. "मलाही यावं लागेल का बुधवारी?" तिने विचारलं. "त्या सोमवारचं सांगायला?"

"वकीलबाईंना विचारते," आत्या म्हणाली. "याल?"

"विचारा तर आधी." तिने ओढणीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "जेवते का ती? एवढं तरी सांगा."

"जेवते."

"झोपते?"

"कालपासून झोपते."

"कुठे आहे ती, वन्सं? मी नाही हो आणायला जाणार. नुसतं कळलं तर बरं वाटेल."

दादाने कार्ड बहिणीच्या हातात दिलं. "मला सांगू नकोस," तो म्हणाला. "मला कळलं, तर ही माझ्याकडून काढून घेईल. आणि हिला कळलं तर तो हिच्याकडून."

"मी नाही सांगणार त्याला!" वहिनी म्हणाली.

दोघं तिच्याकडे पाहत राहिली. खालच्या रस्त्यावर बब्बूची मोटारसायकल सुरू झाली आणि दूर गेली. वहिनीने तो आवाज संपेपर्यंत ऐकला.

"सांगेन," ती म्हणाली. "नकाच सांगू मला."